कुलूप कोणाचे, किल्ली कोणाकडे? कोऱ्या कॅसेटपासून सेट-टॉप बॉक्सपर्यंतचा प्रवास

आखाडा बाळापूर हे कळमनुरी तालुक्यातील, हिंगोली–नांदेड रस्त्यावरचे बाजारपेठेचे गाव. मराठवाड्यातील अशा कोणत्याही गावात छपरांवर दोन प्रकारच्या डिश आढळतात. पहिल्या प्रकारात दरमहा रिचार्ज करावा लागतो. मुदत संपली की पडद्यावर सूचना झळकते आणि चित्र बंद होते. दुसरी दूरदर्शनची मोफत सेवा. पेटी एकदाच विकत घ्यायची, पुढे पैसे नाहीत. आकाशातून येणारा संकेत पकडण्याचे तंत्र दोन्हींत जवळपास सारखेच. एका पेटीला कुलूप होते, दुसरी मुळात बिनकुलपाची होती, एवढाच काय तो फरक.

या कुलपाचे कारण नेहमी एकच सांगितले जाते: चोरी थांबवणे. गाणे, चित्रपट, पुस्तक डिजिटल झाले की त्याची हुबेहूब नक्कल क्षणात होते, म्हणून यंत्रातच अडसर हवा, असा हा युक्तिवाद. पण यंत्रे बनवणाऱ्या कंपन्यांना तो अडसर खरोखर हवा होता का? याचे उत्तर त्यांच्या जाहीर निवेदनांपेक्षा त्यांच्या जमाखर्चात अधिक स्पष्ट सापडते. आणि त्यासाठी आधी डिजिटलपूर्व काळात, कॅसेटच्या दुकानात जावे लागते.

१९७० च्या दशकापर्यंत भारतातील ध्वनिमुद्रणाचा बाजार म्हणजे प्रामुख्याने ‘एचएमव्ही’, म्हणजेच ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडिया. कारखाना कोलकात्याजवळ डमडम येथे. मुंबईची पॉलिडोर, पुढे म्युझिक इंडिया, ही तिची प्रतिस्पर्धी. तबकडी महाग, ती वाजवणारे यंत्र त्याहून महाग. त्या दशकाच्या अखेरीस आखातात कामाला गेलेली माणसे परतताना ‘टू-इन-वन’ घेऊन येऊ लागली आणि पाहता पाहता चित्र पालटले. रेडिओ आणि टेपरेकॉर्डर एकाच डब्यात, आणि त्यावर बहुधा लाल खूण असलेले ध्वनिमुद्रणाचे बटण.

या बटणाकडे इतिहासाच्या अभ्यासकांनी थोडे थांबून पाहावे. तबकडी घरी तयार करता येत नसे. कॅसेट मात्र घरी भरता येई. पुढे दोन कॅसेटांचे डेक आले, दुप्पट वेगाने नक्कल करणारे. ज्याला नक्कल करायची नाही त्याने दोन कप्पे असलेले यंत्र कशासाठी घ्यावे? ही यंत्रे विकणाऱ्या कंपन्यांना त्यांचा उपयोग नेमका ठाऊक होता, आणि जाहिरातीत तो गुण म्हणूनच मिरवला जाई.

तालुक्या-तालुक्यांत ‘कॅसेट भरून मिळेल’ असे फलक लागले. ग्राहक वहीच्या कागदावर गाण्यांची यादी देई, दुकानदार कोरी कॅसेट काढून संध्याकाळपर्यंत ती भरून ठेवी. कायद्याच्या दृष्टीने हा सरळ गुन्हा होता. पण त्याच यंत्रांनी आणखी एक गोष्ट घडवली. मोठ्या कंपनीला ज्यांचा बाजार लहान वाटे, ती भीमगीते, भारुडे, गोंधळ, लोकगीते छोट्या निर्मात्यांना थोड्या भांडवलात काढता येऊ लागली. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांचे आवाज एसटी स्टँडवरच्या टपरीपर्यंत आणि जयंतीच्या मिरवणुकीपर्यंत पोहोचले ते मोठ्या प्रमाणात कॅसेटच्या फितीवरून. त्यांतील किती प्रती अधिकृत आणि किती भरलेल्या, याचा हिशेब कोणी ठेवला नाही. गायकाच्या हाती त्या नकलांतून काही पडले नाही, हे मात्र उघड आहे.

या बाजारातून उभी राहिलेली सर्वांत मोठी कंपनी म्हणजे टी-सिरीज. दिल्लीच्या दर्यागंजमधील फळांच्या रसाच्या दुकानातून निघालेल्या गुलशन कुमार यांनी कोऱ्या कॅसेट आणि भरलेल्या कॅसेट असे दोन्ही उद्योग चालवले. किंमत कमी, वितरण पानाच्या ठेल्यापर्यंत. जुनी गाणी नव्या आवाजात गाऊन घेऊन विकण्याची वाट १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातच होती: मूळ ध्वनिमुद्रणानंतर ठरावीक काळ उलटला असेल, पूर्वसूचना दिली असेल आणि स्वामित्वशुल्क भरले असेल, तर तशी ‘व्हर्जन’ काढता येत असे. या वाटेचा टी-सिरीजने पुरेपूर उपयोग केला. पुढे ‘आशिकी’सारख्या चित्रपटांच्या संगीताचे हक्क हाती आल्यावर तीच कंपनी हक्करक्षणाच्या लढाईत सर्वांत पुढे दिसते, मायस्पेस या संकेतस्थळाविरुद्धचा तिचा दिल्ली उच्च न्यायालयातील खटला विधी महाविद्यालयांत आजही अभ्यासला जातो. यात ढोंग शोधण्याचे कारण नाही. उत्पन्नाचा झरा बदलला, तशी भूमिका बदलली.

सरकारने १९८४ मध्ये कॉपीराइट कायदा कडक केला. कॅसेटवर निर्मात्याचे नाव-पत्ता छापणे बंधनकारक झाले, शिक्षा तीन वर्षांपर्यंत वाढली. पण बोजा पडला तो कॅसेट काढणाऱ्यावर आणि विकणाऱ्यावर. टेपरेकॉर्डर बनवणाऱ्याला कोणी हात लावला नाही. जर्मनीने १९६५ मध्येच ध्वनिमुद्रण यंत्रांवर आकार बसवून तो पैसा कलावंतांकडे वळवण्याची व्यवस्था केली होती. भारतात तसा आकार आलाच नाही. त्या दोन कप्प्यांच्या डेकमागे दहा रुपयेही गायकांच्या निधीत गेले असते, तर मराठी लोकसंगीताचा आर्थिक इतिहास कदाचित वेगळा लिहावा लागला असता.

त्याच वर्षी अमेरिकेत या प्रश्नाचा मोठा निकाल लागला. सोनीचा बीटामॅक्स व्हिडिओ रेकॉर्डर १९७५ मध्ये बाजारात आला. पुढच्याच वर्षी युनिव्हर्सल आणि डिस्ने यांनी सोनीवर दावा लावला. दूरचित्रवाणीवरचा कार्यक्रम नंतर पाहण्यासाठी टिपून ठेवणे ही चोरी आहे आणि यंत्र बनवणारा त्या चोरीचा साथीदार आहे, असे त्यांचे म्हणणे. १७ जानेवारी १९८४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सोनीच्या बाजूने कौल दिला. ज्या यंत्राचा वैध उपयोग मोठा आहे, ते विकणे गुन्हा ठरत नाही, हे तत्त्व तेथून रूढ झाले. नक्कल करण्याच्या सोयीची सर्वांत मोठी वकिली त्या काळी सोनीने केली होती, हे लक्षात ठेवावे. कारण पुढची गंमत त्यातच आहे.

१९८८ मध्ये सोनीने सीबीएस रेकॉर्ड्स ही संगीत कंपनी विकत घेतली, १९८९ मध्ये कोलंबिया पिक्चर्स. आता एकाच घरात एक भाऊ टेपरेकॉर्डर विकणारा आणि दुसरा गाणी विकणारा, असा संसार सुरू झाला. १९७९ मध्ये वॉकमन काढणारी ही कंपनी. पण संगीत डिजिटल झाल्यावर तिच्या खिशातल्या यंत्रांना बरीच वर्षे एमपी३ थेट वाजवता येत नव्हते. गाणे आधी सोनीच्या स्वतःच्या कुलूपबंद प्रकारात बदलावे लागे. २००१ मध्ये आयपॉड आला, कोठूनही मिळवलेले एमपी३ निमूटपणे वाजवू लागला, आणि वॉकमनचा बाजार त्याने खाल्ला. २००४ च्या अखेरीस सोनीने एमपी३ स्वीकारले, तेव्हा फार उशीर झाला होता.

पुढच्याच वर्षी गाण्याच्या भावाने कहर केला. सोनी बीएमजीच्या काही तबकड्या संगणकात घातल्या की ग्राहकाला न कळवता नक्कल रोखणारी आज्ञावली आत जाऊन लपून बसे, आणि तिच्या आडोशाने इतर घातक आज्ञावल्यांनाही लपता येई. मार्क रुसिनोविच या तज्ज्ञाने ३१ ऑक्टोबर २००५ रोजी हे उघड केले. खटले झाले, तबकड्या परत घ्याव्या लागल्या. त्या तबकड्या पैसे देऊन घेणाऱ्यांचेच संगणक बिघडले. फुकट उतरवून घेणाऱ्याला काहीच झाले नाही.

सीडीचा दुसरा जनक फिलिप्स. १९८० मध्ये ठरलेल्या सीडीच्या मानकात नक्कलबंदी नव्हतीच. एवढी माहिती घरच्या यंत्रात साठवता येईल, अशी कल्पना त्या काळी कोणी केली नव्हती. फिलिप्सकडे पॉलिग्राम ही बलाढ्य संगीत कंपनीही होती. १९९८ मध्ये तिने ती विकली. आणि २००२ च्या सुमारास संगीत कंपन्या नक्कलबंदी घातलेल्या तबकड्या काढू लागल्या, तेव्हा याच फिलिप्सने बजावले की अशा तबकड्या मानकात बसत नाहीत, त्यांवर ‘कॉम्पॅक्ट डिस्क’ची अधिकृत मुद्रा लावू नये. पॉलिग्राम हाती असती तर फिलिप्सने इतक्या ठामपणे हे म्हटले असते का, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

भारतीय गावांत या काळात राज्य होते व्हीसीडीचे. १९९३ चे हे मानक. त्यातही कुलूप नव्हते. डीव्हीडीला कुलूप होते, शिवाय जगाचे विभाग पाडणारे संकेतांक होते आणि भारत पाचव्या विभागात मोडत असे. ते कुलूप १९९९ मध्ये नॉर्वेतील पंधरा वर्षांच्या मुलाच्या सहभागाने फुटले आणि आज्ञावली जगभर पसरली; योन लेक योहानसेन हे त्याचे नाव, २००३ मध्ये न्यायालयाने त्याला निर्दोष ठरवले. भारतीय बाजारातल्या स्वस्त प्लेअरांना तर विभागांचे फारसे सोयरसुतक नव्हतेच. कोणतीही तबकडी, ओरखडे पडलेलीसुद्धा, वाजते, हाच त्यांचा विक्रीचा मुद्दा.

याच सुमारास कोऱ्या तबकड्यांच्या व्यापारातून एक विलक्षण प्रयोग झाला. मोझर बेअर ही दिल्लीत १९८३ मध्ये सुरू झालेली कंपनी फ्लॉपी आणि पुढे कोऱ्या सीडी-डीव्हीडी बनवून जगातील आघाडीच्या उत्पादकांत जाऊन बसली. बेकायदा चित्रपट ज्या कोऱ्या तबकड्यांवर उतरवले जात, तो बाजार तिला आतून माहीत होता. २००७ मध्ये तिने मराठीसह अनेक भाषांतील चित्रपटांचे हक्क घेतले आणि व्हीसीडी २८ रुपयांना, डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढली. रस्त्यावरच्या नकली तबकडीची किंमतही साधारण तेवढीच. नकलेशी कुलपाने लढण्यापेक्षा किमतीने लढावे, हा तिचा हिशेब होता. तबकडीचा जमानाच सरल्याने कंपनी पुढे दिवाळखोरीत गेली, पण त्या हिशेबाला खोटे म्हणता येत नाही.

ॲपलने २००३ मध्ये गाण्यांचे दुकान काढले तेव्हा संगीत कंपन्यांच्या आग्रहाखातर गाण्यांना कुलूप घातले. त्याचा परिणाम असा की तेथे घेतलेले गाणे खिशातल्या यंत्रांपैकी फक्त आयपॉडवर वाजे. फेब्रुवारी २००७ मध्ये स्टीव्ह जॉब्स यांनी जाहीर पत्र लिहून कुलपे काढण्याची तयारी दाखवली. आयपॉडवरच्या गाण्यांपैकी तीन टक्क्यांहून कमी गाणी कुलूपबंद आहेत, हे त्यांनीच सांगितले. म्हणजे यंत्र खपत होते ते बिनकुलपाच्या गाण्यांवर. २००९ पर्यंत ॲपलच्या दुकानातली गाणी मोकळी झाली. चित्रपटांची कुलपे मात्र कायम राहिली. त्या वेळी जॉब्स डिस्नेचे सर्वांत मोठे वैयक्तिक भागधारक होते, हे येथे नोंदवून ठेवलेले बरे.

मायक्रोसॉफ्टचे बिल गेट्स यांनी १९७६ मध्ये हौशी संगणकवाल्यांना खुले पत्र लिहून आज्ञावलीच्या चोरीबद्दल झोडपले होते. १९९८ मध्ये चीनविषयी बोलताना तेच गेट्स म्हणाले की लोक चोरणारच असतील तर आमचीच आज्ञावली चोरोत. सवय लागली की पैसे कसे वसूल करायचे ते पुढे बघू.

महाराष्ट्रात हाच फरक छापखान्यांत दिसला. लग्नपत्रिका, निमंत्रणे, स्थानिक साप्ताहिके संगणकावर जुळवणारी डीटीपी केंद्रे गावोगावी निघाली. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची ‘श्री-लिपी’ त्यांच्या कामाचा आधार. तिच्यासोबत संगणकाच्या मागे लावायचे ‘लॉक’ येई. ते नसेल तर अक्षरे उमटत नसत. या छोट्या कंपनीला हे कुलूप मनापासून हवे होते, कारण अक्षरे विकण्याखेरीज दुसरे उत्पन्न फारसे नव्हते. तरी कुलूप तोडलेल्या प्रती फिरल्याच. दुसरीकडे विंडोज २००० बरोबर र. कृ. जोशी यांनी रेखाटलेला ‘मंगल’ हा देवनागरी टंक ग्राहकाला वेगळे पैसे न देता मिळाला. मायक्रोसॉफ्टची कमाई टंकावर नव्हती, म्हणून तो देऊन टाकणे तिला परवडले. पुण्यातल्या अक्षरविक्रेत्यांना ते परवडण्यासारखे नव्हते.

मग मोबाइल आला. मेमरी कार्ड घेऊन दुकानात जायचे आणि गाणी भरून आणायची, हा कॅसेट भरण्याचाच नवा अवतार. फोन बनवणाऱ्यांनी जाहिरातीत कार्डाची क्षमता सांगितली, ब्लूटूथ सांगितले; हजारो गाणी कोठून येणार, हे मात्र कोणी सांगितले नाही, कारण ते सर्वांनाच माहीत होते.

आता पुन्हा छपरावरच्या डिशकडे वळता येते, आणि तेथे गाठ पडते ती मराठवाड्याच्याच एका कंपनीशी. नंदलाल धूत यांच्या कुटुंबाने उभारलेली व्हिडिओकॉन. तेव्हाच्या औरंगाबादजवळ चितेगाव येथे तिचा मोठा कारखाना होता. तोशिबाच्या तांत्रिक साहाय्याने तिने रंगीत दूरचित्रवाणी संच बनवले, पुढे डीव्हीडी प्लेअरही विकले. या उद्योगात तिला कुलपाशी काही देणेघेणे नव्हते. जितके अधिक वाजेल, तितका संच खपेल.

२००९ मध्ये ‘व्हिडिओकॉन डीटूएच’ सुरू झाले. आता कमाई संचापुरती नव्हती, ती दर महिन्याची होती. आणि त्याबरोबर स्मार्ट कार्ड, कूटबद्ध संकेत, पेटीगणिक वेगळी ओळख हे सारे आले. व्हिडिओकॉनने डीटूएच अंगातच असलेले संचही काढले. एकाच कारखानदारीत काल कुलूप निरुपयोगी होते, आज ते धंद्याचा कणा झाले.

पण हे कुलूप नेमके कोणाला अडवत होते? डीटीएचच्या परवान्यात पेटी खुल्या रचनेची असावी, दुसऱ्या कंपनीची सेवा त्याच पेटीवर घेता यावी, अशी अट होती. प्रत्यक्षात कंपनी बदलायची तर पेटी बदलावी लागे. ‘ट्राय’ला एप्रिल २०२० मध्ये, म्हणजे देशातील पहिली खासगी डीटीएच सेवा सुरू होऊन सोळा वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर, पेट्या परस्परांना चालाव्यात अशी शिफारस करावी लागली. चोर पेटी घेतच नाही. कंपनी बदलू पाहणारा प्रामाणिक ग्राहक मात्र त्या पेटीपाशी अडकतो.

आणि चोरी? २०१६ मध्ये ‘उडता पंजाब’ प्रदर्शनाच्या दोन दिवस आधी इंटरनेटवर फुटला, आणि त्या प्रतीवर सेन्सॉरसाठीची खूण होती. त्याच वर्षी २९ एप्रिलला प्रदर्शित झालेल्या ‘सैराट’च्याही बेकायदा प्रती चित्रपटगृहांत गर्दी असतानाच मोबाइलवर फिरल्या. ‘सैराट’च्या निर्मितीत झीचा वाटा होता, आणि देशातील पहिली खासगी डीटीएच सेवा, डिश टीव्ही, ही त्याच समूहाची. घराघरांतल्या पेट्यांना कुलपे लावणाऱ्या समूहाचा चित्रपट त्या कुलपांच्या वाटेला न जाताच बाहेर पडला होता.

कायद्यानेही या कुलपाला मान्यता दिली आहे. २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात कलम ६५-अ आले: हक्कभंगाच्या हेतूने तांत्रिक अडसर तोडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद. ‘हेतूने’ हा शब्द मोलाचा आहे. अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्यात कुलूप तोडणे हाच बहुतांशी गुन्हा, भारतात तोडण्यामागचा उद्देश पाहिला जातो. अभ्यासक, ग्रंथपाल, संग्राहक यांना थोडा श्वास मिळावा, एवढी फट संसदेने ठेवली.

इतिहासाच्या दृष्टीने ती फट लहान नाही. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रगृहात झळकलेला ‘आलम आरा’, भारताचा पहिला बोलपट, आज कोठेही उपलब्ध नाही. त्याच्या पुरेशा प्रती जागोजाग उरल्या नाहीत. उलट जुन्या मराठी तबकड्यांवरची कितीतरी नाट्यपदे टिकली, ती संग्राहकांनी एकमेकांना कॅसेटवर उतरवून दिली म्हणून. १९९० मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’च्या मंडळींनी जुन्या बाजारांतून अशा तबकड्या वेचल्या, ऐकवल्या, त्यांच्या नोंदी केल्या. त्या तबकड्या कोणत्याही कंपनीच्या ग्रामोफोनवर वाजत होत्या.

डीटीएचच्या अनेक पेट्यांना पेन ड्राइव्ह जोडून कार्यक्रम टिपता येतो. तो त्याच पेटीवर दिसतो. दुसऱ्या पेटीत किंवा संगणकात घातला तर उघडत नाही. मार्च २०१८ मध्ये व्हिडिओकॉन डीटूएच डिश टीव्हीत विलीन झाली, जूनमध्ये व्हिडिओकॉन समूहाचे प्रकरण दिवाळखोरी न्यायाधिकरणापुढे गेले. एखाद्या घरात जुनी पेटी जळून गेली असेल, आणि तिच्यावर टिपलेला गावच्या कलावंताचा दूरचित्रवाणीवरचा कार्यक्रम पेन ड्राइव्हवर अजून असेल. त्याच घराच्या माळ्यावर १९८७ साली भरून घेतलेली भीमगीतांची कॅसेटही असेल. तिला बुरशी लागली नसेल, तर ती कोणत्याही डेकमध्ये आजही वाजते.